पहाटेच्या सफारीत शटर स्पीड किती खाली न्यावा?

क्रॉप सेन्सर (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सर) बॉडी, १००-४०० मिमी झूम लेन्स. ४०० ला अ‍ॅपर्चर (प्रकाश आत येण्याचं छिद्र) एफ ५.६ च्या पुढे उघडत नाही. गाडीतून उतरता येत नाही, त्यामुळे ट्रायपॉड बाद. लेन्स टेकवायला बीनबॅग (दाणे भरलेली पिशवी) आहे, इंजिनही बंद करायला लावतो, पण मागे कोणी नुसतं बूड हलवलं तरी फ्रेम हलते.

उजाडताना शटर १/१००० सेकंद ठेवलं की ऑटो आयएसओ (कॅमेरा स्वतः ठरवतो ती प्रकाशाची संवेदनशीलता) थेट १२८०० ला, आणि मिशा, कानाची लव सगळं पिठूळ. १/२५० ला बर्स्ट (भराभर सलग फोटो) मारला तर मोजकेच फोटो धड येतात. रॉमध्येच (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) काढतो. नवी लेन्स सध्या शक्य नाही, तो सल्ला नको.

प्राणी स्थिर उभा असेल तर तुम्ही कितीपर्यंत खाली जाता? आणि मध्येच पक्षी उडाला तर १/२००० साठी कस्टम मोड (आधीच साठवलेली सेटिंग्ज) लावून ठेवता की डायलच फिरवता?