टॅकलिंगविना सराव आणि ४८९ विजय

कॉलेज फुटबॉलचे प्रशिक्षक जॉन गॅग्लियार्डी सरावात टॅकलिंग (समोरच्याला धरून पाडणं) करू देत नसत, मग सामन्यात त्यांचा संघ टिकायचा कसा? (फुटबॉल म्हणजे इथे अमेरिकन.)

सराव साधारण दीड तासाचा. शिट्टी नाही, ताकदीसाठी ढकलायच्या जड चौकटी (स्लेड) नाहीत, चालींचं जाडजूड पुस्तक (प्लेबुक) नाही, 'कोच' म्हणायचं नाही, सरळ 'जॉन'. वाचलेला वेळ एकाच कामाला: तीच चाल पुन्हा पुन्हा, प्रत्येकाचं पहिलं पाऊल आणि कोन चुकणार नाही इतकी घोटायची. बचाव करणारा धावत योग्य जागी पोचतो, पण समोरच्याला पाडत नाही. पाडणं त्या मानाने सोपं, योग्य जागी वेळेवर पोचणं अवघड. शिवाय आठवडाभर आपल्याच गड्यांना आपटलं, तर शनिवारी सामन्याला चांगले खेळाडू बाकावर बसतात. त्यांचा संघ खेळायचा त्या डिव्हिजन ३ मध्ये (अमेरिकन कॉलेज खेळांची तिसरी श्रेणी) क्रीडा शिष्यवृत्ती नसते, त्यामुळे जखमी खेळाडूच्या जागी तोलामोलाचा दुसरा विकत आणता येत नाही. माझ्या मते खरी मेख इथेच आहे.

आकडे बघा. १९४९ ते ५२ माँटानातलं कॅरोल कॉलेज, मग १९५३ ते २०१२ मिनेसोटातलं सेंट जॉन्स. एकूण ४८९ विजय, १३८ पराभव, ११ बरोबरी. राष्ट्रीय विजेतेपदं चार: १९६३, १९६५, १९७६ आणि २००३. शेवटचं तर सलग ५५ सामने जिंकलेल्या माउंट युनियन कॉलेजला २४-६ असं हरवून. त्याच मोसमात दुसरे कॉलेज प्रशिक्षक एडी रॉबिन्सन यांचा ४०८ विजयांचा विक्रमही मागे पडला.

मात्र नुसतं टॅकलिंग बंद करून हे जमत नाही. वाचलेला वेळ अचूकतेवर घालवला नाही, तर संघ ढिला पडतो.