बोअरच्या पाण्यात निऑन टेट्रा मासे जगतच नाहीत?

कृष्णाकाठ:
काल इथे एकाने लिहिलं, 'सांगली-मिरजेत बोअरचं पाणी असेल तर निऑनचा नाद सोडा, आरओचं (क्षार गाळून काढलेलं) पाणी परवडत नसेल तर गप्पी मासे पाळा.' हेच ऐकून माझ्या भाच्याने लावलेली टाकी मोडली, म्हणून सविस्तर लिहितो. विश्रामबागेत आमच्या बोअरचा टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं माप, सहाशेच्या आसपास आहे. त्याच पाण्यात माझे १४ निऑन तिसरं वर्ष काढतायत. दुकानात येणारे निऑन बहुतेक फार्मवर वाढलेले असतात, ॲमेझॉनमधून पकडून आणलेले नसतात. ते मरतात आपल्या घाईने. शनिवारी टाकी भरायची, रविवारी मासे सोडायचे! अमोनिया पचवणारे जिवाणू जमायला चार ते सहा आठवडे लागतात. वर दुकानदार चारच मासे देतो. निऑन थव्याने राहणारा मासा, चारजण कोपऱ्यात दबून बसतात. दहा तरी हवेत.

मिरजवाला:
तो मीच. तुमचे जगले म्हणून सगळ्यांचे जगणार का? मी तीन वेळा वीस-वीस निऑन घालवलेत. आमच्या बोअरचा पीएच (पाणी आम्ल की अल्कली याचं माप) ८ च्या वर. पीएच चढला की तोच अमोनिया जास्त विषारी होतो. मग दोष पाण्याचाच ना? अर्धं आरओ मिसळायला लागलो, तेव्हापासून मरतूक थांबली.

कृष्णाकाठ:
टाकी मुरलेली, म्हणजे ते जिवाणू जमलेली, असेल तर अमोनिया उरतच नाही, मग पीएच कितीही असो. तिन्ही वेळा मासे सोडायच्या आधी किती दिवस थांबला होतात?

मिरजवाला:
आठ दिवस. दुकानदाराने तेवढेच सांगितले होते.

वाळव्याचा:
आरओचं एक लिटर पाणी काढायला दोन-तीन लिटर गटारात जातं, ते कुणी बोलत नाही. आणि बोअर खारट झाली कशाने? उसाला पाट फोडून मोकाट पाणी दिलं, निचरा केला नाही, क्षार वर आले. वाळवा, पलूस, मिरज, कुठंही जा, क्षारपड रानं दिसतील. माझ्या चुलत्यांच्या दोन एकरांत आता गवतसुद्धा उगवत नाही.

ऊसकरी:
माशांच्या चर्चेत उसाला कशाला ओढता? माझ्या चार एकरांवर ठिबक आहे, पदरचे पैसे घालून निचऱ्याचे पाइप पुरलेत. सरसकट शेतकऱ्याला दोषी धरणं मी ऐकून घेणार नाही.

वाळव्याचा:
तुम्ही केलंत, चांगलंच केलंत. तुमच्या बांधाला लागून किती जणांनी केलंय?

ऊसकरी:
दोघांनी. बाकीच्यांकडे पैसा नाही. उसाचं बिल वेळेवर मिळालं तर तेही करतील.

साताऱ्याची:
भांडण आवरा आता. आमच्या नळाला कास तलावाचं पाणी, अगदी मऊ, म्हणजे क्षार कमी. तरी पहिल्या महिन्यात माझे सहा रासबोरा मासे गेले, कारण मीही घाई केली होती. आणि नुसतं आरओ भरू नका. त्यात पीएच धरून ठेवणारे क्षारच नसतात, तो कधी घसरेल सांगता येत नाही.

हरिपूररोड:
टाकीतल्या झाडांबद्दल कुणीच बोललं नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं, आम्ही वरच्या मजल्यावर अडकलो. पाच दिवस लाइट नव्हती. टाकीत दहा एम्बर टेट्रा आणि व्हॅलिसनेरिया या पाणवनस्पतीचं रान. झाडांना उजेड मिळावा म्हणून पडदे काढले, खायला घालणं बंद केलं. रात्री झाडंही ऑक्सिजन ओढतात, म्हणून पहाटे उठून मगाने पाणी उपसून वरून ओतायचो. एकही गेला नाही. पाणी बोअरचंच होतं. शेजारच्यांच्या बिनझाडांच्या टाकीतले गोल्डफिश दुसऱ्याच दिवशी तरंगले.

मिरजवाला:
बरं, आठ दिवसांची चूक माझी. पण एप्रिलचं काय? निऑनला २६ अंशांपर्यंत ठीक, आपल्याकडे खोलीच ३५ वर जाते. पंखा लावला की दोन-तीन अंश उतरतात, पण पाणी उडतं आणि क्षार टाकीतच राहतात. वरून पुन्हा बोअरचंच ओतत गेलात तर मे अखेर तुमचा टीडीएस किती होतो, मोजलाय का?

कृष्णाकाठ:
आज मोजला. ९४०. हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. उडालेल्या पाण्याची भर घालायला आरओ वापरतो, तेवढं तुमचं मान्य. टाकी मात्र बोअरच्याच पाण्याने भरणार, आणि भाच्यालाही तसंच सांगणार.