लुईस-क्लार्क मोहीम: ही माणसं एकमेकांशी बोलली तरी कशी?

नदीकाठ:
कप्तान लुईस आणि कप्तान क्लार्क यांची, अमेरिकी सरकारने पश्चिमेकडचा मुलूख धुंडाळायला पाठवलेली ही तुकडी मे १८०४ मध्ये सेंट लुईसजवळून निघाली, मिसूरी नदीतून प्रवाहाविरुद्ध वर गेली, नोव्हेंबर १८०५ मध्ये पॅसिफिकला पोचली आणि सप्टेंबर १८०६ मध्ये परतली. इथवर कळलं. पण वाटेत भेटलेल्या इतक्या जमातींशी यांनी घोड्यांचे सौदे केले, रस्ते विचारले, ते कुठल्या भाषेत? सोबत आलेल्या शोशोनी जमातीच्या मुलीबद्दल सगळीकडे 'सॅकाजविया दुभाषी होती' एवढंच वाचायला मिळतं. तिला इंग्रजी येत होतं का?

पायवाट:
नव्हतं येत. हातांच्या खुणांची भाषा मैदानी मुलखात बऱ्याच जमातींना समजायची, आणि ती जाणणारा जॉर्ज ड्रुइयार सोबत होता. आई शॉनी जमातीची, वडील फ्रेंच-कॅनेडियन. त्याला महिना २५ डॉलर, साध्या शिपायाला ५. माझ्या मते निम्मी मोहीम त्याच्या हातांनी तारली.

शब्दसेतू:
ड्रुइयारचं मोल मोठंच. पण खुणा कुठे अपुऱ्या पडतात तेही बघा. ११ ऑगस्ट १८०५ ला लुईसला पहिला शोशोनी घोडेस्वार दिसला. लुईस हातातली घोंगडी पसरून मैत्रीची खूण करत होता, तोंडाने 'ताब्बाबोन' ओरडत होता. त्याच्या समजुतीने याचा अर्थ 'गोरा माणूस'. अभ्यासकांच्या मते ऐकणाऱ्याला त्यातून 'परका' असंच काहीसं कळलं असावं. शिवाय दोन्ही बाजूंनी ड्रुइयार आणि तुकडीतला शिपाई शील्ड्स पुढे सरकतच होते. लुईसने त्यांना थांबायची खूण केली, ती शील्ड्सला दिसलीच नाही. स्वार घोडा वळवून झुडपांत दिसेनासा झाला.

आता सॅकाजविया. १७ ऑगस्टला शोशोनी प्रमुख कॅमेआवेटशी बोलणी सुरू झाली. तो शोशोनीत बोलणार, ती ते हिदात्सा भाषेत नवऱ्याला, शार्बोनोला सांगणार, तो फ्रेंचमध्ये तुकडीतल्या लाबिशला आणि लाबिश इंग्रजीत कप्तानांना. उत्तर याच वाटेने उलट. पुढे सप्टेंबरात सेलिश जमातीच्या लोकांशी बोलताना आणखी एक कडी वाढली. त्यांच्यात राहणारा एक शोशोनी मुलगा मध्ये आला, म्हणजे पाच भाषा.

मी अमेरिकेत ९ वर्षं रुग्णालयांसाठी फोनवरून मराठी-इंग्रजी दुभाषी म्हणून काम करते. माझ्या साखळीत कडी एकच, ती म्हणजे मी. तरीही एक आजी म्हणाल्या, "जीव घाबरा होतोय," तेव्हा मी अडले. छातीत धडधड, धाप की भीती? मी डॉक्टरांना थांबवलं आणि आजींना परत विचारलं. धाप होती. चार जणांच्या साखळीत असं परत विचारायचं तर केवढा वेळ आणि केवढा धीर लागत असेल!

आणि १७ ऑगस्टच्या त्या बैठकीत दुभाषाच्या जागी बसलेली सॅकाजविया कोण, तर सतराच्या आसपासची, सहा महिन्यांच्या बाळाची आई. सुमारे पाच वर्षांपूर्वी हिदात्सा जमातीच्या लोकांनी तिला याच मुलखातून पळवून नेलं होतं. बोलायला सुरुवात करताना तिने समोरच्या प्रमुखाला ओळखलं. तो तिचा भाऊ होता. ती धावली, आपली घोंगडी त्याच्यावर टाकली आणि रडली. मग जागेवर येऊन पुन्हा दुभाषाचं काम करू लागली, पण रडू मध्येमध्ये येतच राहिलं. हे वाचते तेव्हा माझा हात थांबतो. आम्हाला प्रशिक्षणात शिकवतात की दुभाषाने स्वतःला बाजूला ठेवावं. तिने कसं ठेवलं असेल?

ती बैठक झाली ती 'कॅम्प फॉर्च्युनेट'ची जागा आज माँटानात डिलनजवळ, क्लार्क कॅन्यन धरणाच्या पाण्याखाली आहे. मी गेले होते. काठावर उभं राहून नुसतं पाणी दिसतं.

पायवाट:
खुणांबद्दल मान्य. पण शार्बोनोचा भरवसा कितपत? लुईस त्याच्यावर चिडलेला वाचलंय.

शब्दसेतू:
चिडला, आणि रास्त चिडला. २५ ऑगस्टची गोष्ट. कॅमेआवेटने आपल्या लोकांना निरोप धाडला होता की उद्या येऊन भेटा, सगळे मिळून रानगव्यांच्या शिकारीला जाऊ. तसं झालं असतं तर सामान अर्ध्या डोंगरात, वाहायला घोडे नाहीत. सॅकाजवियाने हे सकाळीच नवऱ्याला सांगितलं. त्याने दुपारी सहज बोलता बोलता लुईसच्या कानावर घातलं. लुईसने लगेच प्रमुखांना गाठून, सामान वाहायला मदत करू म्हणून त्यांनी दिलेल्या शब्दाची आठवण करून दिली आणि तो निरोप मागे घ्यायला लावला. तिने वेळेत सांगितलेली गोष्ट मधल्या कडीपाशी तासन् तास अडून राहिली होती.

नदीकाठ:
म्हणजे 'सॅकाजविया दुभाषी होती' या एका वाक्यात केवढं दडलं होतं! तिला मोबदला काय मिळाला?

शब्दसेतू:
शार्बोनोला ५०० डॉलर ३३ सेंट आणि पुढे ३२० एकर जमीन. तिच्या नावे काहीच नाही. क्लार्कला ते खुपलं असावं. २० ऑगस्ट १८०६ ला त्याने पत्रात लिहिलं की त्या लांबच्या, धोक्याच्या वाटेवर तिने जे केलं, त्याला आम्ही देऊ शकलो त्याहून मोठं बक्षीस हवं होतं. पत्र इंग्रजीत आहे आणि शार्बोनोच्या नावे आहे. ते शब्द तिच्यापर्यंत पोचायचे तर आधी कुणीतरी फ्रेंचमध्ये शार्बोनोला सांगायचे आणि मग त्याने हिदात्सात तिला.