डोक्यामागचा उंचवटा चाचपून खापरपणजोबा सापडत नाही

नॉक्सव्हिलची_नलू
आमच्या मंडळाच्या ग्रुपवर काल एक ढकलपत्र आलं. डोक्यामागे हाडाचा उंचवटा, पुढचे दात आतून खोलगट, हाताला सहावं बोट, यातलं काहीही घरात असेल तर तुम्ही मेलंजन. आणि मेलंजन कोण, तर अमेरिकेतल्या अपालाचियाच्या डोंगरात अडकलेले तुर्की-पोर्तुगीज खलाशी, 'त्यात गोव्याचेही'. खाली अंगठ्यांची रांग आणि एका काकांचा प्रश्न : 'म्हणजे आपलेच का?'

नाही हो काका. मेलंजन म्हणजे टेनेसी-व्हर्जिनियाच्या डोंगरातला एक मिश्र वंशाचा समाज. माझी सून त्यांच्यातलीच, टेनेसीतल्या हॅनकॉक काउंटीची, न्यूमन्स रिज या डोंगररांगेच्या पायथ्याची, आडनाव मेलंजनांच्या ठरलेल्या चार-पाचांतलंच. लग्नात तिच्या आत्यानं तिच्या मानेवरचा उंचवटा मला बोट लावून दाखवला, 'हा बघा आमचा तुर्की शिक्का.' मी तिथेच मुलाचं डोकं चाचपलं. जन्म सांगलीचा, उंचवटा तोच.

२०१२ साली मूळ मेलंजन घराण्यांचे डीएनए निकाल छापून आले. बापाकडच्या बऱ्याचशा रेषा आफ्रिकी, बाकीच्या बहुतेक युरोपी, आईकडच्या युरोपी. तुर्क औषधालाही नाही. व्हर्जिनियाच्या १६६२ च्या कायद्यानं मूल आईच्या दर्जावर जायचं, म्हणून गोऱ्या आईचं पोर गुलाम ठरलं नाही आणि पुढे त्याचे वंशज डोंगरात स्वतःच्या नावावर जमीन घेऊ शकले. एवढी गोष्ट हाताशी असताना खलाशी कशाला हवेत?

वाडवडील
नलूताई, डीएनएची नळी आली की आजी खोटी, हे मला पटत नाही. १६१९ ला व्हर्जिनियात उतरलेले वीसेक आफ्रिकी मूळचे अंगोलाचे, लुआंडाहून निघालेल्या पोर्तुगीज जहाजावरून लुटून आणलेले. लुआंडा पोर्तुगीजांचं ठाणं. तिथे बाप्तिस्मा झालेल्या, पोर्तुगीज नाव मिळालेल्या माणसानं स्वतःला पोर्तुगीज म्हटलं, तर ते खोटं कसं? आमच्याकडेही कुळाची हकीकत तोंडीच आली आहे. कागद मागणाऱ्यांना आम्ही चहा देतो आणि वाटेला लावतो.

नॉक्सव्हिलची_नलू
अंगोलाचं मान्य. पण ते तुमच्या ढकलपत्रात नव्हतं, तिथे इस्तंबूल होतं. आणि 'पोर्तुगीज' हा शब्द या लोकांनी हौसेनं धरला नाही. टेनेसीनं १८३४ च्या घटनेत स्वतंत्र काळ्यांचा मताचा हक्क काढला. १८४० च्या दशकात यांच्यातल्या काहींवर बेकायदा मतदानाचे खटले झाले. तिथे 'आम्ही पोर्तुगीज', म्हणजे काळे नव्हे, असं म्हणणं ही ढाल होती. ढालीला तुम्ही वंशावळ समजता.

रक्त_लघवी_तपासणी
पॅथॉलॉजीत सव्वीस वर्षं काढली म्हणून बोलतो. तो उंचवटा कवटीच्या मागच्या हाडाचा नेहमीचा भाग आहे, पुरुषांत जास्त ठळक. आतून खोलगट दात पूर्व आशियात आणि मूळ अमेरिकनांत जास्त, पण मक्तेदारी कुणाचीच नाही. सहावं बोट जगभर सापडतं. सार्कॉइडोसिस या, बहुधा फुप्फुसांना होणाऱ्या आजाराला 'भूमध्य सागरी' म्हणणाऱ्यांनी स्वीडनमध्ये जाऊन बघावं. आनुवंशिकता बघायचीच असेल तर नंदुरबारला या, सिकल सेलचे रिपोर्ट दाखवतो. तिथे कुणी डोकी चाचपत नाही, रक्त काढतात.

घारी_गोमटी
डॉक्टर, उंचवटा आनुवंशिक नसेल हो, पण डोकं मागून चपटं की गोल हे आजीच्या हातात असतं! आमच्या चारही भावंडांना मोहरीची उशी होती, एकाचंही डोकं वाकडं नाही. आणि घाऱ्या डोळ्यांवरून कोकणस्थांना ग्रीस-इराणला पाठवणारे याच ढकलपत्राचे चुलत भाऊ आहेत. मला कॉलेजात 'परदेशी' म्हणून किती छळलं!

धारवाडी_पेढा
मोहरी? राळ्याची उशी म्हणा. मोहरी गरम पडते.

घारी_गोमटी
तुमच्याकडे पडत असेल. आमच्याकडे बारशालाच शिवून येते.

रक्त_लघवी_तपासणी
वर्षाच्या आतल्या बाळाच्या डोक्याखाली कुठलीच उशी नको. मोहरीची नाही, राळ्याची नाही. श्वास कोंडण्याचा धोका असतो. बाळ जागं असताना आपल्या देखत पोटावर ठेवा, डोकं गोल राहतं.

घारी_गोमटी
आमच्या आज्या काय खुनी होत्या का? मुलं वाढवली कुणी, तुम्ही?

रक्त_लघवी_तपासणी
हो, दोन. आणि मी आजीला खुनी म्हटलेलं नाही. कृपया वाचून भांडा.

धारवाडी_पेढा
मुळात मोहरीवाल्यांचंच चुकलं. राळे जरा दबून डोक्याचा आकार धरतात. माझ्या धाकट्याचं डोकं बघा, घडवल्यासारखं. (फोटो नको, दृष्ट लागते.)

वसईकर
उशा आवरा जरा. 'गोव्याचेही' वरून आठवलं. वसाहतकालीन व्हर्जिनियाच्या कागदात 'ईस्ट इंडियन' नोकर खरंच सापडतात, १६३५ ला टोनी नावाचा एक आहे. ते वाचून माझ्या भाच्यानं आम्हाला फोन केला, 'मामा, आपण मेलंजन!' अरे, आम्ही वसई-मुंबईकडच्या ख्रिस्ती लोकांनी ईस्ट इंडियन हे नाव घेतलं १८८७ ला, व्हिक्टोरिया राणीच्या ज्युबिलीच्या वेळी, गोवेकरांशी आणि मंगळूरकरांशी गल्लत नको म्हणून. तरी मुंबईत अजून विचारतात, 'तुम्ही गोव्याचे ना?' एकशे चाळीस वर्षं होत आली!

वाडवडील
बघा, म्हणजे हिंदुस्थानी होते तिथे! नलूताई, आता?

नॉक्सव्हिलची_नलू
टोनी होता, कबूल. टोनीपासून न्यूमन्स रिजपर्यंतच्या पिढ्या दाखवा, मग मंडळातर्फे तुमचा सत्कार करते, शाल-श्रीफळासकट.

आता माझं ऐका. १९४३ साली व्हर्जिनियाच्या जन्म-मृत्यू नोंदणी खात्याच्या वॉल्टर प्लेकरनं काउंटीवार आडनावांची यादीच पाठवली होती : ही घराणी गोरी म्हणून नोंदवू नका. सुनेच्या आजीच्या बायबलमध्ये मधल्या पानावर जन्मतारखा आहेत. तिनं ते पान मला खिडकीशी नेऊन दाखवलं. दोन नावांपुढचा एक शब्द ब्लेडनं इतका खरवडलाय की कागदातून उजेड येतो. कुणी खरवडला विचारलं, तर म्हणाली, 'माझ्या आईनं. मी दिवा धरला होता.' डीएनएचा निकाल तिला नातवानं वाचून दाखवला, तेव्हा तिनं बायबल मिटलं आणि मक्याची भाकरी ओव्हनमधून काढायला उठली.

वाडवडील
हं. हे आधी लिहायचंत. ढकलपत्र मी पुढे तीन ग्रुपवर पाठवलं होतं, दोनांतून काढलं. तिसऱ्यात मेव्हणे आहेत, तिथे राहू दे.

धारवाडी_पेढा
ती भाकरी अंड्याची का बिनअंड्याची? आणि मोहरीवाल्या ताई गप्प का झाल्या?