मदत हवी आहे : बॅटरी स्टोरेजचे डीसी पॅनल, अंबडमध्ये कोणी करतंय का?

नमस्कार मंडळी. नाशिकच्या अंबड एमआयडीसीत आमचं एलटी पॅनलचं, म्हणजे कमी दाबाच्या विजेसाठी ब्रेकर-स्विच बसवलेल्या कपाटांचं, छोटं वर्कशॉप आहे. सोलर वाढल्यापासून दुपारी वीज जास्त आणि संध्याकाळी तुटवडा, म्हणून ग्रिडला जोडायच्या मोठ्या बॅटऱ्यांची टेंडरं निघताहेत. घाटघरला पाणी वर चढवून साठवणारा २५० मेगावॉटचा प्रकल्प आपल्या शेजारीच आहे, पण तसे डोंगर सगळीकडे कुठून आणणार! आता एका ठेकेदाराने बॅटरी कंटेनरच्या पॅनलची चौकशी केली आहे.

अडचण डीसीची, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेची. आम्ही आयुष्यभर ४१५ व्होल्ट एसी केलं, इथे १५०० व्होल्ट डीसी आहे. एसीत करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे ब्रेकर उघडताना पेटणारा आर्क (ठिणगीचा झोत) विझतो. डीसीत तसं होत नाही. नेहमीचा ब्रेकर लावला तर आग लागेल, आणि माणसाच्या जिवाशी मला खेळायचं नाही.

कोणी असं पॅनल केलंय का? डीसी ब्रेकर आणि फ्यूज कसे निवडलेत? शिलापूरच्या सीपीआरआय (केंद्रीय विद्युत संशोधन संस्था) लॅबमध्ये याचं टेस्टिंग होतं का? मुलांना आधी कुठे शिकायला पाठवू? शनिवारी आमच्याकडे सुट्टी असते, मी स्वतः येऊन भेटेन.