काकूंचे पान कोणी पुसले?

थोरले काका: या कौटुंबिक गटातील सर्वांस नमस्कार. समाजमाध्यमावरचे आपल्या काकूंचे जे पान गेली नऊ वर्षे आपण सगळे वाचत आलो, ते काल रात्री कंपनीने बंद केले. जुन्या मराठी वृत्तपत्रांवरचे शेकडो लेख एका रात्रीत दिसेनासे झाले आणि कारण म्हणून 'समुदाय निकषांचा भंग' एवढी एकच ओळ आली. मागच्या मंगळवारी माझा संदेश येथून पुसला गेला, तेव्हा 'भाऊ, एवढे मनाला लावून घेऊ नका' असे ज्यांनी मला सांगितले होते, त्यांना आता तरी त्यामागचे दुखणे कळावे म्हणून हे लिहीत आहे.

धाकटे काका: भाऊ, विषय हिच्या पानाचा आहे. मंगळवार कृपया मध्ये आणू नये.

काकू: माझा शेवटचा लेख लोकमान्यांवरच्या 1908 च्या राजद्रोहाच्या खटल्याविषयी होता. मुजफ्फरपूरच्या बॉम्बस्फोटानंतर 'केसरी'त आलेल्या लेखांवरच तो खटला उभा राहिला असल्यामुळे लेखात 'बॉम्ब' हा शब्द वारंवार येणे अटळ होते. यंत्राने शब्द मोजले आणि साल वाचले नाही, असा माझा तर्क आहे. पण तो खरा की खोटा हे सांगणारा एकही माणूस मला त्या कंपनीत सापडलेला नाही. अर्ज भरला की तत्काळ उत्तर येते आणि ते उत्तर दर वेळी तेच असते.

वकील आतोबा: काकूंविषयी पूर्ण सहानुभूती बाळगून एक कायदेशीर बाब नमूद करतो. राज्यघटनेच्या कलम 19(1)(अ) खालील भाषणस्वातंत्र्य हे राज्यसंस्थेविरुद्धचे संरक्षण आहे. खासगी कंपनीला ते लागू नाही. ज्याचे घर, त्याचे नियम.

आत्या: अहो, तुम्ही समोरच्या खुर्चीत बसून मला हेच तीनदा सांगितले आहे. येथे चौथ्यांदा सांगितल्याने काकूंचे पान परत येणार आहे का?

थोरले काका: घर आणि नियम यांची गोष्ट निघालीच आहे तर एक तुलना करतो. ज्या खटल्यावर काकूंनी लिहिले, त्यात सरकार परकीय होते, कायदा अन्यायाचा होता आणि शिक्षा सहा वर्षांची झाली. तरीसुद्धा आरोपपत्र लेखी दिले गेले, नऊ ज्युरी बसले, त्यातल्या दोघांनी लोकमान्य दोषी नाहीत असे मत दिले आणि स्वतः लोकमान्यांना कित्येक दिवस उभे राहून आपली बाजू मांडता आली. काकूंना मात्र नऊ वर्षांच्या लेखनासाठी नऊ मिनिटेही मिळालेली नाहीत.

आत्या: भाऊ, तुलना डोळ्यांत भरण्यासारखी आहे म्हणून ती योग्य ठरत नाही. लोकमान्य मंडालेला गेले. काकू आपल्या घरी आहेत आणि उद्या दुसऱ्या ठिकाणी लिहू शकतात. आगरकरांचे 'केसरी'त पटेना, तेव्हा ते 1887 मध्ये संपादकपद सोडून बाहेर पडले आणि पुढच्याच वर्षी त्यांनी 'सुधारक' काढला. आगरकरांनी टिळकांविरुद्ध तक्रार निवारण कक्षाकडे अर्ज केला नव्हता.

धाकटे काका: ताईंचे हे वाक्य भाऊ आता छापून कपाटात ठेवणार. त्या कपाटात काय काय आहे हे एकदा पुरातत्त्व खात्याला दाखवले पाहिजे.

दादा: मी स्वतः अशाच एका कंपनीत काम करतो, म्हणून दुसरी बाजू मांडतो. एका दिवसात जेवढा मजकूर येतो तेवढा वाचायला माणसे पुरणे शक्यच नाही, म्हणून पहिली चाळणी यंत्राचीच लागते आणि त्या चाळणीला इंग्रजीइतका सराव मराठीचा नाही. दोष उघड आहे. तो मी नाकारत नाही. पण चाळणीच नको म्हणणाऱ्यांनी म्यानमार आठवावे. तेथे आपल्या मंचाचा वापर हिंसा भडकवण्यासाठी झाला आणि तो थांबवण्यासाठी आपण पुरेसे प्रयत्न केले नाहीत, अशी कबुली फेसबुकला 2018 मध्ये द्यावी लागली होती.

काकू: दादा, चाळणी असू नये असे मी कोठेही म्हटलेले नाही. चाळणीतून धान्य खाली पडले तर ते परत वेचणारा कोणी असावा, एवढेच माझे म्हणणे आहे. व्हिएतनाममधल्या नापाम हल्ल्यातून पळणाऱ्या मुलीचे 1972 चे जगप्रसिद्ध छायाचित्र फेसबुकने 2016 मध्ये नग्नता म्हणून काढून टाकले होते आणि नॉर्वेच्या एका मोठ्या दैनिकाच्या संपादकाने मालकाला जाहीर पत्र लिहिल्यावर, पंतप्रधानांपर्यंत प्रकरण गेल्यावर, ते परत लावले. माझ्यासाठी पत्र लिहायला असा संपादक कोठून आणू?

वहिनी: काकूंनी नेमक्या जागी बोट ठेवले आहे. सोळा वर्षे पत्रकारिता केल्यावर मला या कंपन्यांचा राग येतो तो लेख पुसण्याबद्दल नाही, दुटप्पीपणाबद्दल आहे. कोणी खटला भरला की त्या म्हणतात, आम्ही केवळ पोस्टमन, पाकिटात काय आहे ते आम्हाला ठाऊक नाही. लेख काढला की त्याच म्हणतात, काय ठेवायचे आणि काय नाही हा आमचा संपादकीय अधिकार आहे. अमेरिकेत तर 1996 च्या कायद्यातील कलम 230 मुळे दुसऱ्याच्या मजकुराची जबाबदारी त्यांच्यावर येत नाही आणि त्याच वेळी मजकुराची निवड ही आमचीच अभिव्यक्ती आहे, असा त्यांच्या बाजूचा युक्तिवाद तेथील सर्वोच्च न्यायालयाने 2024 मध्ये बऱ्याच अंशी उचलून धरला. संपादकाचा मान हवा असेल तर संपादकाची जोखीमही घ्यावी. कोल्हापूरच्या दिवाणांविरुद्धची पत्रे 1882 मध्ये छापल्यावर ती बनावट ठरली, तेव्हा टिळक आणि आगरकर दोघेही डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस राहून आले. पत्रे आमची नव्हती, आम्ही फक्त पोचवली, असे म्हणून त्यांची सुटका झाली नव्हती.

वकील आतोबा: मुद्दा भरकटत आहे, म्हणून पुन्हा नमूद करतो. कलम 19(1)(अ) हे राज्यसंस्थेविरुद्धचे संरक्षण आहे. खासगी कंपनीला ते लागू नाही. ज्याचे घर, त्याचे नियम.

छोटी: आतोबा, राग मानू नका, पण हे विधान आता इतके निर्विवाद राहिलेले नाही. जानेवारी 2023 मध्ये कौशल किशोर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने असे म्हटले आहे की, कलम 19 आणि 21 खालील मूलभूत हक्क राज्यसंस्थेव्यतिरिक्त इतरांविरुद्धही बजावता येतात. आमच्या शेवटच्या वर्षाला हा निकाल अभ्यासाला आहे.

वकील आतोबा: तो निकाल मी वाचलेला आहे. त्या आधारावर किती जणांची खाती परत आली, तेही अभ्यासाला आहे का?

छोटी: नाही. पण आपण 'लागू नाही' असे म्हणालात, 'लागू करणे कठीण आहे' असे नाही. या दोन वाक्यांत फरक असतो, हे मला आपणच शिकवले होते.

धाकटे काका: सर्वांनी एक मिनिट शांतता पाळावी. आतोबा प्रथमच पूर्णविराम शोधत आहेत.

थोरले काका: छोटीचे अभिनंदन. आता तिनेच सांगावे की मंगळवारी ॲडमिनने माझा संदेश पुसला, तेव्हा माझा मूलभूत हक्क कोणाविरुद्ध बजावायचा होता?

मी: काका, मी तेव्हाही कारण लिहून दिले होते आणि आताही देतो. मुले पळवणारी टोळी फिरत असल्याचा तो मजकूर होता. त्याखाली ना तारीख होती, ना ठिकाण, ना पाठवणाऱ्याचे नाव. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात अशाच अफवेवरून पाच भटक्या माणसांना जमावाने ठार मारले. व्हॉट्सॲपवर संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येण्याची मर्यादा भारतात त्याच महिन्यात जाहीर झाली. आपला संदेश मी पुसला आणि तसे आपल्याला कळवले. कंपनीने काकूंना कळवले त्यापेक्षा चार वाक्ये अधिकच लिहिली.

थोरले काका: कळवलेस हे मान्य. आधी विचारले नाहीस, हेही मान्य कर.

आत्या: ॲडमिनने पुसले ते ठीकच केले. उद्या पोलीस आले असते तर त्यालाच धरून नेले असते.

वहिनी: ताई, ही भीती बहुधा अनाठायी आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्येच स्पष्ट केले आहे की, सदस्याच्या संदेशासाठी केवळ ॲडमिन म्हणून कोणाला गुन्हेगार ठरवता येत नाही. दोघांचा समान हेतू दिसावा लागतो. मात्र पोलिसांविषयीची आपली सावधगिरी अगदीच निराधार नाही. पालघरमध्ये 2012 साली दोन तरुणींना एका मजकुरावरून अटक झाली आणि त्यातल्या एकीने तर तो केवळ पसंत केला होता. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ज्या कलम 66अ चा तेव्हा वापर झाला, ते सर्वोच्च न्यायालयाने 24 मार्च 2015 रोजी रद्द केले. त्यामुळे कंपनीवर अंकुश हवा असे म्हणताना तो अंकुश सरकारच्या हाती सोपवण्याची घाई मी करणार नाही. सरकारविषयीचे खरे-खोटे सरकारी कक्षाने ठरवण्याची तरतूद 2023 मध्ये आलीच होती. मुंबई उच्च न्यायालयाने ती 2024 मध्ये रद्द केली.

दादा: म्हणजे कंपनी नको आणि सरकारही नको. मग ठरवायचे कोणी, हे कृपया सांगावे. आणि एक आठवण करून देतो की ही सेवा फुकट आहे. नऊ वर्षांत काकूंनी एक पैसाही दिलेला नाही.

काकू: फुकट हा शब्द तू तरी वापरू नयेस. तुझ्याच क्षेत्रात 2014 मध्ये एका फुकट निरोप पोचवणाऱ्या सेवेसाठी 19 अब्ज डॉलर मोजले गेले. फुकट्यांच्या गर्दीला एवढी किंमत कोण देईल? माझे वाचक जाहिरातदारांना दाखवूनच कंपनी नऊ वर्षे पैसे मिळवत होती. लेख माझे, वाचक माझ्यासाठी आलेले, आणि गल्ला त्यांचा. यात मी पाहुणी कशी ठरते?

आगरकरांच्या दाखल्यालाही उत्तर देते, कारण ताईंनी तो विचारपूर्वक दिला आहे. आगरकर 'केसरी'तून बाहेर पडले तेव्हा छापखाना नवा शोधावा लागला असेल, वर्गणीदार नवे मिळवावे लागले असतील. पण टपालखाते तेच राहिले. 'केसरी' ज्या पोस्टमनच्या पिशवीतून जाई, त्याच पिशवीतून 'सुधारक'ही जाऊ शकत होता. माझ्या बाबतीत वृत्तपत्र, टपालखाते आणि वर्गणीदारांची वही ही तिन्ही एकाच मालकाची आहेत. मी 'सुधारक' काढीनही, परंतु तो निघाला आहे हे माझ्या वाचकांना कळवू कसे? त्यांचे पत्ते माझ्याजवळ कधी नव्हतेच. मालक बदलला की नियम बदलतात ते निराळेच. ट्विटर 2022 च्या ऑक्टोबरात 44 अब्ज डॉलरना विकले गेले; नव्या मालकाने स्वतःला भाषणस्वातंत्र्याचा कैवारी म्हणवले आणि डिसेंबरात आपल्याविषयी लिहिणाऱ्या काही पत्रकारांची खाती बंद केली.

आत्या: टपालखात्याचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. तेवढा मागे घेते. लोकमान्यांचा घेत नाही.

वकील आतोबा: चर्चा भावनिक झाली असल्याने पुनश्च नमूद करतो. कलम 19(1)(अ) हे मुख्यत्वे राज्यसंस्थेविरुद्धचे संरक्षण आहे. ज्याचे घर, त्याचे नियम.

धाकटे काका: 'मुख्यत्वे' या शब्दाचे या गटात हार्दिक स्वागत आहे.

छोटी: आतोबांना 'घर' सोडायचे नसेल तर घराचेही नियम पाहू. 2021 च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार देशात 50 लाखांहून अधिक नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या समाजमाध्यमाने स्वतःहून मजकूर काढला, तर लिहिणाऱ्याला आधी कारणासह कळवावे आणि आक्षेप घेण्याची वाजवी संधी द्यावी, असे नियम 4(8) सांगतो. एका ओळीत कारण बसत नाही आणि यंत्राचे ठरलेले उत्तर ही संधी नव्हे. पहिली तक्रार कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे करायची. त्याच्या निर्णयाने समाधान झाले नाही तर 30 दिवसांच्या आत तक्रार अपील समितीकडे जाता येते. अशा तीन समित्या 2023 मध्ये स्थापन झाल्या आहेत. समित्या सरकारने नेमलेल्या आहेत, हा वहिनींचा आक्षेप मला ठाऊक आहे.

वहिनी: आक्षेप कायम आहे. तरी काकूंनी अर्ज करावा, असेच मी म्हणेन. घर जळत असताना बंब कोणाचा हे विचारू नये.

वकील आतोबा: नियम 4(8) वर आधारलेला अर्ज मी आज रात्री लिहून देतो. शुल्क नाही. फक्त प्रत्येक लेखाची तारीख आणि मजकुराची प्रत जोडावी लागेल, कारण मूळ मजकूर आता आपल्याला पाहता येत नाही.

काकू: तेच तर अवघड आहे. मी सारे थेट तेथेच लिहीत असे आणि माझ्याजवळ जेमतेम चाळीस लेखांच्या प्रती असतील. सगळे तेथे सुरक्षित आहे, असे मी नऊ वर्षे धरून चालले.

थोरले काका: माझ्या कपाटात सर्व लेख आहेत. प्रत्येक लेख आला त्या दिवशी छापून, वर तारीख घालून, वर्षावार बांधून ठेवला आहे. खटल्याचा शेवटचा लेखही त्यात आहे. त्यात एके ठिकाणी लोकमान्यांच्या अटकेची तारीख चुकली आहे, ती मी लाल शाईने दुरुस्त केली होती. सांगायचे राहून गेले.

काकू: भाऊ, काय बोलू तेच सुचत नाही. उद्या सकाळी येऊन घेऊन जाते. ती लाल शाईही तशीच राहू द्यावी.

धाकटे काका: पुरातत्त्व खात्याविषयीचे विधान मी विनाशर्त मागे घेतो.

थोरले काका: विधान मागे घेतल्याची नोंद केली आहे. काकूंनी दहाच्या आधी यावे. ॲडमिनने सोबत यावे आणि माझा मंगळवारचा संदेश परत लावावा.

मी: काका, पुसलेला संदेश मलाही परत आणता येत नाही.

थोरले काका: तोही छापून ठेवला आहे.