शब्दचर्चा: १९१७ च्या जपानी चित्रपटांना 'अ‍ॅनिमे' म्हणावं का?

प्रश्न: एका लेखाचं भाषांतर करतेय. त्यात १९१७ च्या जपानी अ‍ॅनिमेशन चित्रपटांना 'पहिले अ‍ॅनिमे' म्हटलंय. हा शब्द तेव्हा होता का? आणि लिहायचा कसा, अ‍ॅनिमे की अनिमे?

प्रतिसाद: तेव्हा नव्हता. इंग्रजी 'अ‍ॅनिमेशन'वरून जपानीत आलेल्या 'आनिमेशोन' या उसन्या शब्दाचं ते तोकडं रूप आहे, आणि ते रुळलं दुसऱ्या महायुद्धानंतर, टीव्हीच्या काळात. १९१७ मध्ये शिमोकावा ओतेन, कोउची जुन्इची आणि कितायामा सेइतारो या तिघांनी तीन वेगवेगळ्या कंपन्यांसाठी असे छोटे चित्रपट केले. त्यावेळचं चालतं नाव होतं 'देकोबो शिन्गाचो'. देकोबो म्हणजे मोठ्या कपाळाचा खोडकर पोरगा, शिन्गाचो म्हणजे नवी चित्रवही. परदेशी हलती चित्रं आधी या नावाने दाखवली गेली, मग देशी चित्रपटांनाही तेच चिकटलं.

तेव्हाचाच दुसरा शब्द 'सेन्गा', म्हणजे रेषाचित्र. हा मला सगळ्यांत नेमका वाटतो. हलते नकाशे आणि आलेखही त्यात मोडत. कितायामांनी १९१७ मध्येच बचतीच्या प्रचारासाठी चित्रपट केला होता. त्याला 'कार्टून' म्हटलं तर अर्थच हरवतो.

नंतर आला 'मांगा एइगा'. एइगा म्हणजे चित्रपट. इथे सांभाळा: आजच्या मांगा पुस्तकावर (जपानी चित्रकथेवर) बेतलेला चित्रपट असा याचा अर्थ नाही. त्या काळी मांगा म्हणजे व्यंगचित्र. शिमोकावा आणि कोउची दोघेही मुळात व्यंगचित्रकारच.

'दोगा' म्हणजे हलतं चित्र. १९३३ मध्ये बोलता मांगा एइगा करणारे मासाओका केन्झो यांनी हा शब्द पुढे आणला, आणि १९५६ मध्ये तोएइ कंपनीच्या स्टुडिओचं नावच 'तोएइ दोगा' पडलं. आज स्टुडिओत 'गेन्गा' म्हणजे मुख्य चित्रं आणि 'दोगा' म्हणजे त्यांच्या मधली भरीची. इंटरनेटवर मात्र कुठलाही व्हिडिओ दोगाच.

प्रतिसाद: एवढं काटेकोर कशाला? २०१७ मध्ये खुद्द जपानमध्येच अ‍ॅनिमेची शताब्दी साजरी झाली की! कोउचींचा 'नामाकुरा गाताना' बघा. सामुराई बोथट तलवार विकत घेतो, तिची धार रस्त्यावरच्या लोकांवर आजमावायला जातो आणि स्वतःच मार खातो. १९१७ चा हा चित्रपट २००७ मध्ये ओसाकात सापडला. आजचं पोरगंही तो बघून हसेल. मग अ‍ॅनिमे म्हणायला हरकत काय?

मूळ प्रतिसादक: वारसा सांगताना खुशाल म्हणा. पण भाषांतरात 'पहिले अ‍ॅनिमे' लिहिलं की वाचकाच्या डोळ्यांपुढे मोठ्या डोळ्यांची पात्रं आणि टीव्ही मालिका येतात. ती घडण १९६३ च्या 'तेत्सुवान आतोमु' (अ‍ॅस्ट्रो बॉय) या टीव्ही मालिकेपासूनची. शिवाय 'पहिले' हेही जपून. २००५ मध्ये क्योतोत तीनेक सेकंदांची एक पट्टी सापडली. खलाशी पोशाखातला मुलगा 'कात्सुदो शाशिन', म्हणजे हलती छायाचित्रं, असं लिहितो आणि टोपी काढून वाकतो. ती बहुधा १९१७ च्याही आधीची आहे.

मी 'सुरुवातीचे जपानी अ‍ॅनिमेशनपट' लिहीन, आणि पहिल्या उल्लेखात 'तेव्हाच्या भाषेत सेन्गा किंवा मांगा एइगा' अशी जोड देईन. जपानीत पहिला स्वर 'आ'च्या जवळचा आहे, पण मराठीत 'अ‍ॅनिमे' रुळलाय, तोच ठेवा. आणि जपानी माणूस डिस्नेच्या चित्रपटालाही 'आनिमे'च म्हणतो. मूळ लेख जपानी असेल तर तेवढं तपासून घ्या.